संगीताचा जीर्णोद्धार : हौशी बंदिशकारांची परंपरा

देवालयाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगड, चुना आणि सिमेंट यांचे काम नव्हे. जुन्या भिंतीतला कोणता दगड अजून भक्कम आहे, कोणता झिजला आहे आणि नवा बसवायचा तो जुन्याशी सांधला जाईल की नाही, हे पारखण्याचे ते काम असते. त्यासाठी गवंड्याचा हात लागतो, तसेच चार जाणत्यांचे मतही लागते. एकाने सुचवावे, दुसऱ्याने त्यातील उणीव दाखवावी, तिसऱ्याने तोड काढावी आणि मग सर्वांच्या संमतीने दगड बसावा, अशी गावाची रीत आहे.

गेल्या दीडशे वर्षांत हिंदुस्थानी रागसंगीताचाही असाच एक जीर्णोद्धार घडून आला. त्यात मोठमोठ्या गवयांचा वाटा होताच. पण ज्यांची चूल गाण्यावर पेटत नव्हती अशा वकील, व्यापारी, जमीनदार, नोकरदार अशा हौशी मंडळींचा वाटाही फार मोठा होता. त्यांनी जुन्या चिजा जमविल्या, स्वतः नव्या रचल्या, त्या एकमेकांपुढे मांडल्या आणि परखड टीकाही ऐकून घेतली. ज्या सभामंडपात टाळ-पखवाजाचा नाद घुमावयाचा, त्या सभामंडपाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने या परंपरेचे स्मरण उचित ठरेल.

चीज आणि तिची छाप

रागदारी गाण्यातील पद्याला बंदिश किंवा चीज म्हणतात. तिचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला स्थायी व दुसरा अंतरा. शब्द थोडे, चार-सहा ओळींचे. पण त्या थोड्या शब्दांत रागाचे सारे रूप उतरावे लागते. कोणत्या स्वरावर थांबावे, कोणता स्वर ओझरता घ्यावा, तालाची सम कोणत्या अक्षरावर यावी, हे सर्व रचनाकार ठरवितो. गवई पुढे तासभर आलाप-ताना करतो, परंतु घर बांधावे तसा तो त्या चिजेच्या पायावरच इमला चढवीत असतो. पाया वाकडा असेल तर इमला सरळ होत नाही.

अभंगाच्या शेवटी जशी संतांची नाममुद्रा येते, तशीच चिजेतही रचनाकाराची छाप असते. मोहम्मदशहा रंगीले हा बादशहा १७१९ ते १७४८ या काळात दिल्लीच्या तख्तावर होता. त्याच्या दरबारातील न्यामत खान यांनी ‘सदारंग’ या छापेने असंख्य ख्याल रचले. त्यांच्या घराण्यातील फिरोज खान यांची छाप ‘अदारंग’. आज अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही मैफलीत या चिजा गाइल्या जातात. देह गेला, दरबार गेला, पण छाप राहिली.

परंतु पुढे एक अडचण निर्माण झाली. राजाश्रय आटत चालला तसतशी चीज हीच गवयाची इस्टेट ठरली. चांगली चीज शिष्यालाही सहजासहजी मिळत नसे. काही घराण्यांत तर मुलीच्या लग्नात चिजा आंदण म्हणून दिल्या जात असे सांगतात. या कृपणतेला दोष देणे सोपे आहे, पण त्यामागे पोटाचा प्रश्न होता हे विसरता येत नाही. तथापि तिचा परिणाम मात्र वाईट झाला. एक वृद्ध उस्ताद निवर्तला की त्याच्याबरोबर किती तरी चिजा कायमच्या जात. एकच चीज चार घरी चार तऱ्हांनी गाइली जाई आणि त्यांतील मूळ कोणती हे सांगणारा कोणी उरत नसे.

हौशी मंडळींचा उदय

अशा वेळी मुंबई-पुण्याकडील सुशिक्षित वर्ग पुढे आला. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी ‘गायन उत्तेजक मंडळी’ स्थापन केली. पुण्यात १८७४ साली ‘पूना गायन समाज’ सुरू झाला. गाणे म्हणजे नादी लोकांचा उद्योग, सभ्य घरच्या माणसाने त्यात पडू नये, असे मानण्याचा तो काळ होता. अशा काळात प्रतिष्ठित गृहस्थांनी एकत्र बसून गाणे शिकावे, ही गोष्ट साधी नव्हती.

गायन उत्तेजक मंडळीत १८८४ च्या सुमारास एक तरुण विद्यार्थी दाखल झाला. तेच पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे म्हणून ख्याती पावले. त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घरची स्थिती बेताची. लहानपणी बासरी व पुढे सतार यांचा नाद लागला. पण शिक्षणात खंड पडू दिला नाही. १८८५ साली बी. ए. व १८८७ साली एल्एल. बी. होऊन त्यांनी वकिली सुरू केली. दिवसा अशील आणि संध्याकाळी संगीत, असा त्यांचा क्रम असे. मंडळीत रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो धृपदे घेतली, तर अली हुसेन खान, विलायत हुसेन खान अशा उस्तादांकडून ख्याल घेतले.

१९०० साली पत्नीचे आणि १९०३ साली मुलीचे निधन झाले. संसाराचा पाश असा तुटल्यावर त्यांनी हळूहळू वकिली सोडली आणि उरलेले सर्व आयुष्य संगीताला वाहिले. गाण्यातून त्यांनी स्वतःसाठी धन मिळविले नाही. अखेरपर्यंत ते हौशीच राहिले. पण ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ मात्र त्यांनी बदलून टाकला.

दक्षिणेतून आणलेले बीज

१९०४ साली भातखंडे यांनी दक्षिणेचा दौरा केला. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर असे फिरत ते एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. प्रख्यात रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातील हे विद्वान. त्याच साली त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखी या सतराव्या शतकातील पंडिताने ७२ मेलांत रागांची जी व्यवस्था लावली, तिचा परिचय भातखंडे यांना या दौऱ्यात जवळून झाला. तेथे त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. दक्षिणेत ‘लक्षणगीत’ नावाचा एक प्रकार होता. त्यात गीताचे शब्दच रागाचे नियम सांगत आणि गीताची चालही त्याच रागात असे.

हे बीज त्यांनी उत्तरेत आणून रुजविले. शेकडो लक्षणगीते त्यांनी स्वतः रचली. एक उदाहरण घेतले म्हणजे यातील खुबी ध्यानात येईल. भूप किंवा भूपाली या रागात सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर; म आणि नी वर्ज्य. देशकार रागातही नेमके हेच पाच स्वर आहेत. मग भेद कोठे? भूपाचा मुख्य, म्हणजे वादी स्वर गंधार आणि वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत आणि वेळ सकाळची. पाच माणसे तीच, पण एका घरात कर्ता एक आणि दुसऱ्या घरात दुसरा, म्हणजे घराची रीत बदलते, तसाच हा प्रकार आहे. हा सारा नियम चार ओळींच्या चिजेत बांधून ती चीज त्याच रागात गावयाची. अशी चीज पाठ झालेल्या विद्यार्थ्याला रागाचा नियम वेगळा घोकावा लागत नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. गावोगावच्या देवळांत पहाटे देवाला जागविण्यासाठी म्हणतात ती ‘भूपाळी’, आणि शास्त्रात भूपाली राग मात्र रात्रीचा. नाव जवळचे, प्रहर वेगळा. लोकांची रीत आणि ग्रंथाचा नियम या दोन वाटा नेहमीच एक असतात असे नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नाव झाकून गुण पुढे

भातखंडे यांनी आपल्या रचनांत ‘चतुर’, ‘हररंग’ अशा छापा घातल्या. १९१० साली त्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ निघाला, तोही ‘चतुर पंडित’ या नावाने. पुढचा ‘अभिनवरागमंजरी’ हा ग्रंथ ‘विष्णुशर्मा’ या नावाने आला. गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ या आपल्या चार भागांच्या ग्रंथात तर त्यांनी चतुर पंडिताचा उल्लेख एखाद्या त्रयस्थ ग्रंथकारासारखा केला आहे. यामागचा हेतू काहीही असो, त्याचा लाभ असा झाला की वाचकाला कर्त्याच्या नावाने दिपून न जाता मताचा विचार मताच्या गुणावर करता आला.

या रचनांना प्रतिसादही मिळाला. अयोध्या प्रांतातील अकबरपूरचे तालुकेदार ठाकूर नवाब अली खान हे मोठे रसिक व स्वतः अभ्यासक होते. त्यांनी आपल्या पदरचे गवई नझीर खान यांना ही लक्षणगीते शिकण्यासाठी मुंबईस पाठविले. एका खानदानी गवयाने एका वकिलाच्या रचना शिकावयास जावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे नवाब अली यांनी ‘मआरिफुन्नग़मात’ हा उर्दू ग्रंथ लिहिला आणि त्यायोगे या रचना उर्दू वाचकांपर्यंत पोहोचल्या. हैदराबादचे अप्पा तुळसी यांनी याच मताला अनुसरून रागलक्षणांचे ग्रंथ रचले. मराठी वकील, अयोध्येचा मुसलमान जमीनदार, हैदराबादचा शास्त्री, मुंबईचे पारशी आणि गुजराती शेठ अशी ही मंडळी. भाषा निराळ्या, धर्म निराळे. पण चीज पुढे आली की ती पारखण्याचा काटा एकच.

हा काटा कसा असतो? जाणते लोक चीज ऐकताना काही गोष्टी पाहतात. समेवर येणारे अक्षर वजनदार आहे की शब्द मध्येच तुटला आहे? मुखडा पुन्हा पुन्हा गाताना गोड लागतो की कंटाळवाणा होतो? अंतरा स्थायीचेच बोट धरून वर जातो की दुसऱ्याच रागाच्या अंगणात शिरतो? नियम पाळूनही राग जिवंत वाटतो की नुसता सांगाडा उभा राहतो? आणि शेवटी, ही चीज खरोखर नवी आहे की जुन्याच चिजेला नवे शब्द चिकटविले आहेत? या प्रश्नांना जी चीज उतरते तीच दुसऱ्याच्या कंठात जाते. बाकीच्या कर्त्याच्या वहीतच राहतात.

भर सभेतील परीक्षा

घरगुती बैठकीतील ही परीक्षा पुढे अखिल भारतीय सभेत होऊ लागली. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे १९१८ साली दिल्ली, १९१९ साली काशी आणि त्यानंतर लखनौ येथे दोन, अशा परिषदा झाल्या. घराणी जपून ठेवणारे उस्ताद आणि ग्रंथ धुंडाळणारे हौशी विद्वान येथे समोरासमोर बसले. रागांच्या शुद्ध रूपांविषयी मते मांडली गेली, खंडन-मंडन झाले.

बडोद्याच्या परिषदेतील एक प्रसंग बोधप्रद आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि ई. क्लेमेंट्स हे मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी, या दोघा हौशी संशोधकांनी बावीस श्रुतींचा विचार करून खास हार्मोनियम तयार करविली होती. श्रम मोठे होते, गणित बारकाईचे होते. परंतु परिषदेत मुरलेल्या गवयांच्या गळ्याशी तिचे स्वर ताडून पाहिले तेव्हा ते पटले नाहीत. देवलांच्या निष्ठेबद्दल कोणालाही शंका नव्हती. पण निष्ठा निराळी आणि प्रमाण निराळे. गळ्यापुढे गणिताला थांबावे लागले.

आणि भातखंडे तरी टीकेतून सुटले काय? मुळीच नाही. सर्व राग दहा थाटांत बसविण्याची त्यांची व्यवस्था पुष्कळांना अपुरी वाटली आणि आजही वाटते. अनेक राग त्या चौकटीत नीट बसत नाहीत, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. स्वरलिपीत लिहिलेली चीज म्हणजे केवळ हाडांचा सापळा, मांस आणि प्राण गुरूच्या गळ्यातच असतो, असा आक्षेप घरंदाज गवयांनी घेतला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. कागदावरून गाणारा आणि गुरूपुढे बसून शिकलेला यांतील अंतर सामान्य श्रोत्यालाही कळते. तथापि सापळा जपला गेला म्हणून तर पुढच्या पिढीला त्यावर मांस चढविता आले. जे लिहिले गेलेच नाही त्याचे आज नावही उरलेले नाही.

‘हिंदुस्थानी संगीतपद्धति : क्रमिक पुस्तकमालिका’ या सहा भागांत निरनिराळ्या घराण्यांतील एक हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या गेल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खान, जयपूरचे मोहम्मद अली खान अशांकडून मिळालेले धन त्यात आहे. ज्या चिजांसाठी शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, त्या कोणाही विद्यार्थ्याला अल्प मोलात मिळू लागल्या. जुन्यांच्या शेजारीच भातखंडे यांनी आपल्या रचनाही ठेवल्या. ही एक प्रकारची परीक्षाच होती. सदारंगाच्या शेजारी बसून आपली चीज टिकते की नाही, याचा निवाडा त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपविला.

१९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. गोकुळाष्टमीला जन्म आणि गणेशचतुर्थीला मृत्यू, हा योग भाविक मनाला विशेष वाटल्यावाचून राहात नाही. पुस्तकमालिकेचे शेवटचे दोन भाग त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. लखनौ येथे १९२६ साली त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेले मॅरिस कॉलेज आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे.

परंपरा पुढे चालली

त्यांचे पट्टशिष्य आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी १९२८ पासून त्या महाविद्यालयाची धुरा वाहिली. बडोद्यास उस्ताद फैयाज खान यांच्यापुढे बसून तालीम घेतलेले हे गृहस्थ स्वतः ‘सुजन’ या छापेने रचना करीत. फैयाज खान यांची छाप ‘प्रेमपिया’. एकाच शिष्याला एकीकडून शास्त्र आणि दुसरीकडून घराण्याचा गळा मिळाला, म्हणजे कागद आणि कंठ यांचे भांडण एका माणसात मिटले. रातंजनकरांच्या शिष्यांपैकी दिनकर कैकिणी यांनी ‘दिनरंग’ ही छाप घेतली.

मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली काढलेली संगीतशाळा निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांचे भेटीचे ठिकाण झाली. तेथेच कुमार गंधर्व शिकले आणि पुढे १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या नावाने त्यांनी आपल्या बंदिशी प्रसिद्ध केल्या. पंडित जगन्नाथबुवा पुरोहित यांनी ‘गुणिदास’ या छापेने सुंदर चिजा बांधल्या आणि जोगकंस हा राग रसिकांना दिला. त्यांचे शिष्य पंडित चिंतामण रघुनाथ व्यास. उस्मानाबादच्या कीर्तनकारांच्या घरात १९२४ साली जन्मलेल्या व्यासांनी ‘गुणिजन’ या छापेने दोनशेच्या आसपास बंदिशी रचल्या. मुंबईत नोकरी सांभाळून त्यांनी ही साधना केली. गुणिदास आणि गुणिजन. शिष्याच्या छापेतही गुरूची सावली राहावी, अशी ही रीत आहे. व्यास २००२ साली निवर्तले, परंतु त्यांच्या बंदिशी आजही अनेकांच्या कंठी आहेत.

देवळातील चालकार

ही सर्व थोरामोठ्यांची कथा झाली. पण हेच काम खेड्यापाड्यांतील देवळांत अनामिकपणे होत आले आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. शब्द संतांचे, चाल मात्र गावच्या बुवांची. शेतात औत धरणारा, मुंबईच्या गिरणीत पाळी करणारा, शाळेत मुले शिकविणारा असा एखादा बुवा एकादशीला नवी चाल घेऊन येतो. शेजारच्या गावचे भजनी मंडळ ती ऐकते. पसंत पडली तर पुढच्या सप्ताहात तीच चाल त्या गावी ऐकू येते, पसंत पडली नाही तर पखवाजवाला हळूच म्हणतो, “बुवा, शब्द ओढला जातोय.” कोकणात डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसतात आणि रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत सारी रात्र एकमेकांच्या चालींचा कस लागतो. पुढे बसलेला श्रोता शाळेत गेलेला असो वा नसो, बेसूर आणि बेताल त्याला तत्काळ कळतो. लखनौच्या परिषदेत जे घडले तेच येथे घोंगडीवर बसून घडते.

भेद एवढाच की या चालींवर कोणाची छाप नसते. अभंगातील नाममुद्रा संतांची. चाल कोणी बांधली असे विचारले तर ‘जुनी आहे’ एवढेच उत्तर मिळते. जीर्णोद्धारातही असेच असते. देणगीदारांची नावे फलकावर येतात आणि ती आलीच पाहिजेत, कारण दातृत्वाचे स्मरण हे पुढच्या दातृत्वाचे बीज असते. परंतु शंभर-दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी पहिला पाया घातला त्यांतील किती जणांची नावे आज ठाऊक आहेत? त्यांचे काम मात्र नव्या दगडांचा भार वाहात उभे आहे.

तेव्हा या मंगल प्रसंगी एक सूचना सुज्ञ ग्रामस्थांच्या विचारार्थ मांडणे अनाठायी होणार नाही. गावोगावच्या वृद्ध भजनकऱ्यांच्या कंठात ज्या चाली अजून शिल्लक आहेत, त्या त्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करून ठेवाव्या. आज त्यासाठी पूर्वीसारखा खर्च येत नाही. हातातील फोनही पुरतो. कोणती चाल कोणाकडून आली, हे ठाऊक असेल तेवढे त्यासोबत लिहून ठेवावे. आणि तरुणांनी नव्या चाली बांधाव्या, नव्या सभामंडपात वडीलधाऱ्यांपुढे त्या मांडाव्या. वडीलधाऱ्यांनीही संकोच न करता गुणाला गुण व दोषाला दोष म्हणावे. ज्याला नुसती वाहवा मिळते त्याची चाल वाढत नाही, आणि ज्याला नुसती हेटाळणी मिळते तो पुन्हा देवळाची पायरी चढत नाही.

दगडांचे देऊळ शिल्पी बांधतात, नादाचे देऊळ गावकरी बांधतात. पहिल्याचा जीर्णोद्धार काही पिढ्यांनी एकदा होतो. दुसऱ्याचा मात्र दर एकादशीला करावा लागतो. तो अखंड घडत राहो, हीच श्रीचरणी नम्र प्रार्थना.